ही ओळ कुणाची?

‘लॉग’ म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजांवरचे खलाशी गाठी मारलेल्या दोरीला लाकूड बांधून ते समुद्रात सोडायचे. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या, त्यावरून जहाजाचा वेग कळायचा. तो ज्या वहीत लिहायचे, ती लॉगबुक. आज तुमच्या फोनमधलं अ‍ॅप आणि त्यामागचा सर्व्हर अशीच वही सतत लिहीत असतात.

वही आली की ओळ कशी लिहायची हेही ठरवावं लागतं. १९८०च्या दशकात बर्कली इथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रामसाठी ‘सिसलॉग’ तयार केलं. पुढे युनिक्सच्या जगात तीच रीत पडली: तारीख, वेळ, यंत्राचं नाव, मग मजकूर. गंमत म्हणजे २००१ साली ही रीत अधिकृतपणे नोंदवली गेली, तेव्हाही तारखेत वर्ष नव्हतं! ते २००९च्या नव्या मानकात आलं.

प्रोग्राम एका वेळी एकच काम करत होता, तोवर हे पुरेसं होतं. १९९५मध्ये जाहीर झालेल्या जावा भाषेत मात्र थ्रेड पहिल्यापासूनच होते. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रामच्या पोटात शेजारी शेजारी चालणारी कामं. आता तिकीट विकणाऱ्या सर्व्हरची ही वही वाचा:

पैसे मिळाले
सीट संपली
पैसे मिळाले
तिकीट दिलं

तिकीट कुणाला मिळालं आणि पैसे कुणाचे अडकले? चारही ओळी खऱ्या आहेत, पण गोष्ट हरवली आहे.

१९९६च्या सुरुवातीला ‘सेंपर’ या युरोपीय प्रकल्पाने नोंदींसाठी स्वतःची सोय करायचं ठरवलं. त्यातूनच पुढे जेकी ग्युलचू यांच्या नावाशी जोडलेलं लॉगफोरजे घडलं. त्यात ओळीचा साचा प्रोग्रामच्या बाहेर, वेगळ्या फाइलमध्ये लिहिता येई. टक्क्याच्या चिन्हापुढे ‘डी’ लिहिलं की वेळ, ‘टी’ लिहिलं की थ्रेडचं नाव, ‘एम’ लिहिलं की मजकूर. मूळ प्रोग्रामला हात न लावता प्रत्येक ओळीवर तिच्या थ्रेडचं नाव येऊ लागलं.

पण थ्रेड म्हणजे बँकेतली खिडकी. खिडकी नंबर ७ दिवसभरात कितीतरी गिऱ्हाइकांचं काम करते. नुसता खिडकीचा नंबर पाहून माणूस सापडत नाही, त्याचा टोकन नंबरही लागतो. नील हॅरिसन यांनी १९९०च्या दशकात नेमकी हीच कल्पना मांडली: काम सुरू होताना थ्रेडला एक खूण चिकटवा, म्हणजे त्याच्या प्रत्येक ओळीत ती आपोआप उमटेल. लॉगफोरजेने ती उचलली. पथ्य एकच, काम संपलं की खूण पुसायची. ती राहिली तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या नोंदी आधीच्याच्या नावावर चढतात. खूण नसलेल्या वहीपेक्षा अशी खोटी वही जास्त घातक, कारण तिच्यावर आपण विश्वास ठेवतो.

पुढे साचे हुशार होत गेले. लॉगफोरजेच्या दुसऱ्या आवृत्तीत विशिष्ट चिन्हांत लिहिलेला मजकूर पाहिला की ते त्याजागी दुसरीकडून माहिती आणून भरू लागलं. २०१३मध्ये त्यात जाळ्यावरच्या दुसऱ्या यंत्राकडून माहिती आणायची सोयही आली. अडचण अशी की ही चिन्हं साच्यातच नव्हे, तर नोंदवायच्या मजकुरातही चालत. आणि मजकूर तर कुणीही परका माणूस पाठवू शकतो. डिसेंबर २०२१मध्ये जगाला हे कळलं. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकून दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपला प्रोग्राम चालवता येत होता. ‘लॉगफोरशेल’ नावाच्या या दोषाला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले. जगभरच्या कंपन्या आपल्या प्रोग्राममध्ये हे लॉगफोरजे कुठे कुठे दडलंय ते शोधत बसल्या. काही दिवसांतच मजकुरातली ती सोय काढून टाकण्यात आली.

चांगल्या कारकुनाला हे आधीपासून ठाऊक असतं. केव्हा, कोणत्या खिडकीवर, कुणाचं काम, हे तो स्वतः लिहितो. गिऱ्हाईक जे बोललं ते जसंच्या तसं उतरवतो, पण हुकूम म्हणून पाळत नाही. उद्या कुणी पैसे अडकल्याची तक्रार घेऊन आलं, तर त्याला न्याय देता येईल की नाही, हे आज ठरवलेल्या त्या एका ओळीच्या साच्यावर अवलंबून असतं.