तांबड्या मुठीची कुळकथा

लहान विमानात थ्रॉटलशेजारी असणाऱ्या तांबड्या मुठीला मिक्स्चर म्हणतात, कारण हवेत पेट्रोल किती मिसळायचे हे तिच्यावरून ठरते. मूठ आत ढकलली की मिश्रण दाट होते, बाहेर ओढली की विरळ होते आणि पूर्ण ओढली की पेट्रोल तुटून इंजिन थांबते. उंचावर हवा विरळ होते, पण कार्ब्युरेटर पेट्रोल त्या मानाने घटवत नाही, म्हणून प्रमाण हाताने कमी करण्याची सोय पहिल्या महायुद्धातील विमानांतही होती. मूठ जन्मली ती अशी आकाशासाठी.

विमान जमिनीवर असतानाही ती ओढून ठेवण्याची रीत प्रामुख्याने शिशामुळे रुजली. नॉकिंग, म्हणजे दाबाखाली मिश्रणाचा अवेळी होणारा स्फोट, टेट्राइथाइल लेड या शिशाच्या संयुगाने थांबतो, हे टॉमस मिजली यांना 1921 मध्ये आढळले. जळल्यावर हे शिसे वायुरूपाने बाहेर पडावे म्हणून पेट्रोलात एथिलीन डायब्रोमाइड घालतात, परंतु त्याला हवी तेवढी उष्णता मंद फिरणाऱ्या इंजिनात प्लगच्या टोकाशी नसते; मूठ ओढून मिश्रण विरळ केले की ती वाढते. दाट मिश्रणाची काजळी काळी, मऊ आणि बोटाने पुसली जाणारी असते. शिशाचे राखाडी, टणक खडे मात्र टोकदार हत्याराने उकरून काढावे लागतात. 1970 च्या दशकापासून 80 ऑक्टेनचे पेट्रोल मागे पडून 100 एलएल आले, तेव्हा हा त्रास फार वाढला. या पेट्रोलच्या नावातील ‘एलएल’, म्हणजे ‘कमी शिसे’, हे जुन्या 100 ऑक्टेनच्या तुलनेत खरे आहे. 80 ऑक्टेनमध्ये लिटरमागे शिशाची मर्यादा 0.14 ग्रॅम होती, 100 एलएलमध्ये ती 0.56 ग्रॅम, म्हणजे चौपट आहे.

सोलापूरची होटगी रस्त्यावरील धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 480 मीटर उंच आहे. पण मे महिन्यात पारा 42 अंशांवर गेला की तिथली हवा प्रमाण वातावरणातील 5000 फुटांवरच्या हवेहूनही विरळ होते, आणि मूठ पूर्ण आत ठेवलेले इंजिन उभ्या जागीच गरजेहून जास्त पेट्रोल पिऊ लागते. इतक्या विरळ हवेत उड्डाणासाठीही मूठ पूर्ण आत ढकलण्याचा समुद्रकाठचा नियम डोळे मिटून पाळता येत नाही. तिथे त्या विमानाची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

जमिनीवर मूठ अर्धवट ओढणे हा सर्वांत वाईट मार्ग होय, कारण ती तशीच विसरून उड्डाण झाल्यास पूर्ण शक्तीवर इंजिन तापते आणि नॉकिंगचा धोका उभा राहतो. म्हणून ती इतकी ओढावी की विसरून थ्रॉटल उघडलाच, तर इंजिन धावपट्टीवरच अडखळेल.