फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहा

गेल्या दिवाळीत घर आवरताना पप्पांना एक सीडी सापडली. वर मार्करने लिहिलं होतं, 'अण्णा – पत्र – २००४'. अण्णा म्हणजे माझे आजोबा. चिंचवड स्टेशनच्या चौकात रस्ता ओलांडताना म्हाताऱ्या माणसांचे किती हाल होतात, यावर त्यांनी एका दैनिकाला पत्र पाठवलं होतं. ते छापून आलं आणि पेपरच्या वेबसाइटवरही चढलं. पप्पांनी सायबर कॅफेत जाऊन ते पान सेव्ह करून घेतलं. पुढे कात्रण हरवलं, अण्णाही गेले. उरली ती ही सीडी.

मित्राकडून सीडी ड्राइव्ह आणला आणि फाइल क्रोममध्ये उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. मराठीचं एक अक्षर नाही.

"तू सॉफ्टवेअरवाला ना?" पप्पा म्हणाले. "मग वाचून दाखव."

मला वाटलं सीडी खराब झाली. सीडी ठणठणीत होती. आजोबांचं पत्र एका जुन्या लढाईत सापडलं होतं, आणि ती लढाई मी जन्मलो त्या सुमारास सुरू झाली होती.

तेव्हाच्या मराठी फॉन्टची युक्ती समजायला सोपी आहे. कॉम्प्युटरला देवनागरी कळत नव्हती, म्हणून फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. फाइलमध्ये रोमन अक्षर, पडद्यावर काना किंवा अर्धा त. यातलं मोठं काम आपल्या शेजारी पुण्यातच झालं : सी-डॅकचे फॉन्ट, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. छपाईसाठी ते उत्तम चालायचे. पण प्रत्येकाचा नकाशा वेगळा. वाचणाऱ्याकडे नेमका तोच फॉन्ट नसेल, तर पान म्हणजे कचरा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची आणि तिच्यात देवनागरीही होती, पण विंडोज ९८वाल्या कॉम्प्युटरवर तिचा फारसा उपयोग नव्हता.

इथे ब्राउझर आले. नेटस्केपचा पहिला ब्राउझर डिसेंबर १९९४चा. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट १९९५मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आणला आणि पुढे तो विंडोजसोबत फुकट देऊन टाकला. १९९७मध्ये दोघांच्याही चौथ्या आवृत्त्या आल्या. दोघांनीही पानासोबत फॉन्ट पाठवायची सोय दिली, पण प्रत्येकाची पद्धत स्वतःची. एकाचा फॉन्ट दुसऱ्यात चालत नव्हता.

नेटस्केप हरलं. २००२च्या सुमारास नव्वद टक्क्यांहून जास्त लोक एक्सप्लोरर वापरत होते. मग मराठी साइट बनवणाऱ्याने दोन-दोन फॉन्ट कशाला करावेत? एकच केला आणि खाली ओळ टाकली : हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहा.

यात वाईट काय, असं तेव्हा कुणालाही वाटलं नसतं. सायबर कॅफेत फॉन्ट इन्स्टॉल करायची कटकट संपली होती. पप्पांनी अण्णांचं पत्र वाचलं ते या सोयीमुळेच. आणि विंडोज २०००सोबत मायक्रोसॉफ्टनेच मंगल हा युनिकोड फॉन्ट दिला. त्याची अक्षरं आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेली.

पण जिंकल्यावर काय झालं? एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली ऑगस्ट २००१मध्ये आणि सातवी ऑक्टोबर २००६मध्ये. मध्ये पाच वर्षं. समोर कुणी नसेल तर घाई कशाची? अमेरिकी सरकारने मे १९९८मध्ये खटला भरला होता. जून २००१मध्ये अपील कोर्टाने मायक्रोसॉफ्टने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचं मान्य केलं, पण कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश रद्द केला. तोवर नेटस्केपचा खेळ आटोपला होता.

नेटस्केपने मात्र जाता जाता आपला कोड खुला केला होता. त्यातून मोझिला उभी राहिली आणि नोव्हेंबर २००४मध्ये फायरफॉक्स १.० आला. त्यात एक्सप्लोररचे फॉन्ट चालत नव्हते. म्हणजे चांगला ब्राउझर हवा असेल तर मराठी पेपर सोडा, आणि पेपर हवा असेल तर एक्सप्लोररला चिकटून राहा. यावर 'पद्मा' नावाचं एक एक्स्टेन्शन निघालं. ते असल्या फॉन्टमधला मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलायचं. पुढे साइटही हळूहळू युनिकोडवर आल्या. पण जुनी पानं तशीच राहिली. १५ जून २०२२ला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर निवृत्त केला, तेव्हा ती उघडणं आणखी अवघड झालं.

हे सगळं पप्पांना सांगितलं. ते चिंचवड एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते. म्हणाले, "एम-आठचा बोल्ट कुठल्याही कंपनीचा घे, तेरा नंबरचाच पाना लागतो. तुमच्याकडे असं नाही का?"

आहे. युनिकोड तेच आहे, वेबची प्रमाणं तीच आहेत. पण बाजारात एकच बोल्टवाला उरला, तर प्रमाण तोच ठरवतो.

आपल्याकडेही यावर निकाल झाले आहेत. २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण त्यांचे सुटे भाग बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळत नव्हते. त्यात आमच्या पिंपरी-चाकण पट्ट्यात कारखाने असलेल्या कंपन्याही होत्या. त्याच आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. एक कारण असं : फोनमध्ये प्ले स्टोअर हवं असेल, तर कंपनीला सर्च, क्रोम, यूट्यूब असा सगळा गठ्ठा घ्यावा लागे. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा दंड कायम ठेवला. अमेरिकेत ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीश अमित मेहतांनी सर्चमधली गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली, पण २०२५च्या निकालात क्रोम विकायला लावलं नाही.

आज तुमच्या फोनवर क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह असे चार ब्राउझर असतील. अँड्रॉइडवर चौघांच्या आत एकच इंजिन आहे, क्रोमियमचं. तो कोड खुला आहे, हा मोठा फरक मान्य. पण त्याची दिशा मुख्यतः गूगल ठरवतं. निराळं इंजिन जपणाऱ्या मोझिलाचा बहुतेक पैसाही गूगलकडूनच येतो.

आणि मी? सहा महिन्यांपूर्वी एका ग्राहकाने कळवलं होतं की आमचा फॉर्म फायरफॉक्समध्ये अडकतो. मी तिकीट बंद केलं आणि लिहिलं, 'क्रोम वापरा.' वीस वर्षांपूर्वी साइटखाली ती ओळ टाकणाऱ्या माणसाने यापेक्षा वेगळं काय केलं होतं?

अण्णांच्या फाइलमध्ये फॉन्टचं नाव शिल्लक होतं. त्याचा नकाशा शोधून मी स्क्रिप्ट लिहिली. पहिल्याच फटक्यात तिने चिंचवडचं 'िचंचवड' केलं, कारण त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. मग रफार उलटा निघाला. दोन रात्री गेल्या. शेवटी दोन शब्द लागले नाहीत, ते तसेच सोडले.

पप्पांनी पत्र फोनवर वाचलं. दोनदा वाचलं, मग आत्याला फॉरवर्ड केलं. म्हणाले, "चौक अजून तसाच आहे रे."

सोमवारी ऑफिसला गेल्यावर मी ते तिकीट परत उघडलं.