नागपूरच्या संत्र्याची समुद्रवाट

नागपूरच्या राज्याला एके काळी समुद्र होता, ही गोष्ट आज नागपूरकरांच्याही फारशी स्मरणात राहिलेली नाही. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी झालेल्या तहाने ओडिशाचा मुलूख रघूजी भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि १८०३ च्या देवगावच्या तहाने तो इंग्रजांच्या हाती जाईपर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, कटक आणि बालेश्वर यांचा महसूल नागपूरच्या दफ्तरी जमा होत राहिला. त्या बालेश्वरच्या बंदरात तर इंग्रज, डच आणि डेन व्यापाऱ्यांनी पूर्वीच वखारी घातल्या होत्या. देवगावच्या तहानंतर नागपूर समुद्राला जे पारखे झाले ते कायमचे. पुढे या भूमीचे सर्वांत विख्यात फळ परमुलखात जाऊ लागले, तेव्हा बंदराचे दर्शन होण्यापूर्वी त्याला आठशे-साडेआठशे किलोमीटर तापलेली जमीन ओलांडावी लागली, आणि नाशवंत मालाच्या सागरी व्यापाराचा जो इतिहास अन्यत्र जहाजांचा म्हणून सांगितला जातो तो विदर्भापुरता मुख्यतः या जमिनीचाच इतिहास ठरला.

संत्र्याची रोपे भोसल्यांनी औरंगाबादेहून आणवून आपल्या बागेत लावविली, असे परंपरा सांगते. बागेतील हे फळ बाजारचे झाले ते मात्र लोहमार्गामुळे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरास पोहोचली आणि मुंबई जोडली गेली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने १८९१ पर्यंत आसनसोलपर्यंतची वाट पुरी केली आणि पुढे थेट हावड्याचा रस्ता खुला केला. तणसात बसविलेल्या संत्र्यांच्या लाकडी पेट्या आणि बांबूच्या टोपल्या रेल्वेच्या डब्यांतून पूर्वेकडे व पश्चिमेकडे रवाना होऊ लागल्या. नागपूरचा संत्रा मार्केट स्टेशनच्या अगदी लगत वसला यात नवल नाही. बागायतदार, अडते आणि रेल्वे यांचे परस्परांशी असलेले नाते शहराच्या नकाशावरच कोरले गेले आहे. त्या काळी फळाला थंडावा मिळे तो केवळ ऋतूचा. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढू लागले असताना निघत, आणि एक-दोन दिवसांचा उशीर झाला की पेटीतली खालची फळे मऊ पडत.

याच शतकात जगाच्या दुसऱ्या बाजूस थंडीचा व्यापार आकार घेत होता. १८३३ मध्ये बोस्टनहून निघालेले ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. लवकरच मुंबईतही अमेरिकन बर्फ येऊ लागला आणि त्याच्यासाठी गोदीनजीक बर्फघर उभे राहिले. पुढे माणसाने बर्फ वाहून नेण्याऐवजी थंडी निर्माण करणारे यंत्रच जहाजावर चढविले. चार्ल्स टेलिए या फ्रेंच अभियंत्याचे ‘फ्रिगोरिफिक’ १८७६ मध्ये रूआँहून ब्वेनोस आयरेसकडे निघाले. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्स येथून सुटलेले ‘डनीडिन’ हे शिडाचे जहाज सुमारे पाच हजार मेंढ्यांचे गोठविलेले मांस घेऊन ९८ दिवसांनी लंडनला पोहोचले. उष्ण कटिबंधात वारा पडल्यावर कोठारातील हवा नीट खेळेना, तेव्हा कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या नळात रांगत शिरले व तेथे भोके पाडताना थंडीने गारठून मरता मरता वाचले. त्यांना दोर बांधून बाहेर ओढावे लागले. या एका प्रवासाने न्यूझीलंड नावाच्या दूरच्या द्वीपदेशाचे अर्थकारण पालटले.

मांस आणि संत्रे यांत मात्र एक मूलगामी भेद आहे, आणि तो ध्यानी घेतल्यावाचून आपल्या प्रांताची हकिकत उमगत नाही. गोठविलेले मांस निर्जीव असते. उणे १८ अंशांवर ते महिनोन्‌महिने स्वस्थ पडून राहते, आणि आज आपल्या किनाऱ्यावरून परदेशी जाणारी कोळंबी याच रीतीने जाते. संत्रे तोडल्यानंतरही जिवंत असते. ते श्वास घेते, उष्णता सोडते, आणि कोंदट पेटीत स्वतःच्या उष्णतेने स्वतःलाच नासवते. त्याला गोठवावे तर ते मरते, आणि फार गार करावे तर सालीवर खोलगट काळपट डाग पडतात. नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश सेल्सिअस आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता मानवते. एवढे सांभाळले तर ते महिना-दीड महिना टिकते. त्यातून हे फळ सैल सालीचे. खाणाऱ्याला जी साल सहज सुटते म्हणून आनंद वाटतो, तीच साल तोडणाराच्या हिसक्याने देठाजवळ फाटते आणि तेथूनच बुरशी आत शिरते. यास्तव देठ कात्रीने कापावा लागतो.

आणखी एक गोष्ट बागायतदारांना पुरेशा आग्रहाने कोणी सांगितली नाही. आगगाडीवर, ट्रकवर आणि जहाजावर चढणारा जो आधुनिक रीफर कंटेनर असतो, त्याचे यंत्र तळाच्या खाचांतून गार हवा वर सोडत राहते. पण आधीच थंड झालेला माल थंड राखणे एवढेच त्याचे कर्तव्य आहे. बागेतल्या उन्हात तापलेली फळे त्यात भरली तर ती निववण्याची ताकद त्या यंत्रात नसते. म्हणजे फळ तोडल्यावर काही तासांतच, कंटेनरचे दार उघडण्यापूर्वी, त्याचे पूर्वशीतन झाले पाहिजे. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी हे वेळीच जाणले. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ ही त्यांची संस्था स्थापन झाली आणि पूर्वशीतगृहे हा निर्यातीचा पाया मानून त्यांनी आपली द्राक्षे न्हावा शेव्याहून युरोपच्या बंदरांपर्यंत पोहोचविली. विदर्भात हा पाया घातला गेला नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

विदर्भाला त्याची निकड भासली नाही, याचे कारण शेजारची एक जुनी गिऱ्हाइकी. कलकत्ता ही अखंड बंगालची पेठ होती आणि तिच्याशी नागपूर लोहमार्गाने बांधलेले होते. १९४७ च्या फाळणीने कलकत्ता आणि जेसोर यांच्यामध्ये सरहद्द आली, १९६५ च्या युद्धाने त्या सरहद्दीवरील रेल्वे थांबविली, आणि बांगलादेशाच्या जन्मानंतर जेव्हा व्यापार पुन्हा सुरू झाला तेव्हा जो माल एके काळी देशातल्या देशात जाई तो निर्यात म्हणून नोंदला जाऊ लागला. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड येथून बहुतांशी साध्या ट्रकांत भरलेली संत्री पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्यावरून पलीकडे जात राहिली. समुद्राची वाट तिथे अशक्य होती असे नव्हे. परंतु २०१५ च्या जूनमध्ये किनारी जहाजवाहतुकीचा करार होईपर्यंत दोन शेजारी देशांमधला सागरी माल बहुधा कोलंबो किंवा सिंगापूरचा वळसा घेऊनच जाई, आणि संत्र्यासारख्या फळाला तो वळसा परवडणारा नव्हता.

मग जकातीने घाव घातला. २०१९ च्या सुमारास किलोमागे २० टका असलेले बांगलादेशाचे आयातशुल्क काही वर्षांतच चौपटीहून अधिक वाढले. आंबिया बहाराची फळे झाडावर लगडलेली असताना बाजार एकाएकी आकसला, भाव पडले, आणि एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेल्या तालुक्यांना त्याची झळ थेट घरात बसली. परक्या सरकारने आपल्या तिजोरीसाठी कर वाढवावा हा त्याचा अधिकार आहे. एका नाक्यावर साऱ्या प्रांताचा संसार टांगून ठेवणे ही चूक आपली होती.

दुसरी वाट पश्चिमेची. १९८९ मध्ये न्हावा शेव्याचे बंदर सुरू झाले, आणि तेथून दुबई अवघ्या तीन-चार दिवसांच्या जलप्रवासावर आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये नागपुरी संत्र्यांचे १५०० क्रेट भरलेला शीतकंटेनर नवी मुंबईतील वाशीहून दुबईकडे रवाना झाला, तेव्हा ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या या प्रारंभाचे विदर्भात मोठे कौतुक झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरकडे किसान रेल सुटली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये संपूर्ण खुला झाल्याने, पूर्वी ज्या प्रवासात फळाचे आयुष्य खर्ची पडत असे तो आता एका दिवसात उरकतो. १९८५ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन केंद्राने तापमान, तोडणी, मेणाचे लेपन यांचे शास्त्र सिद्ध करून ठेवले आहे, आणि २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

जहाज आहे, बंदर आहे, रस्ता आहे, शास्त्रही आहे. उणीव राहिली आहे ती बागेच्या बांधापासून पहिल्या दहा-वीस किलोमीटरांतल्या थंडीची. तेव्हा निर्यातीच्या अनुदानाची घोषणा करण्यापूर्वी सरकारने आणि बागायतदारांच्या संस्थांनी वरुड, मोर्शी, काटोल व नरखेड या चार तालुक्यांत प्रत्येकी निदान एक सुसज्ज पूर्वशीतगृह, तेही अखंड विजेच्या हमीसह, येत्या आंबिया बहारापूर्वी उभे करण्याची तजवीज करावी, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.