मधुमेही म्हाताऱ्या मांजरानं खाणं सोडलं, तर इन्सुलिन द्यायचं की नाही?

मधुमेह झालेल्या मांजराला साधारणपणे दर १२ तासांनी इन्सुलिन द्यावं लागतं. हे इंजेक्शन घरीच दिलं जातं आणि बहुतेक मांजरं ते मुकाट्यानं टोचूनही घेतात. खरी पंचाईत होते ती मांजर ताटलीकडे बघून तोंड फिरवतं तेव्हा. खाणं पोटात नाही आणि इंजेक्शनची वेळ तर झाली आहे. इन्सुलिन दिलं तर शुगर एकदम खाली जाण्याची भीती आणि नाही दिलं तर वर चढण्याची.

थोडक्यात उत्तर असं: मांजरानं काहीच खाल्लं नसेल तर नेहमीचा पूर्ण डोस देऊ नये. आधी डॉक्टरांना फोन करावा. आणि 'उद्या खाईल' म्हणून वाट बघू नये. मधुमेही मांजराच्या बाबतीत न खाणं हीच तातडीची बाब आहे. असं का, आणि सातारा-सांगलीसारख्या भागात घरच्यांनी नेमकं काय करायचं, ते पाहू.

मांजराचा मधुमेह कसा असतो?

मांजरातला मधुमेह माणसांच्या टाइप २ मधुमेहाशी मिळताजुळता असतो. स्वादुपिंडात इन्सुलिन कमी तयार होतं आणि जे होतं त्याला शरीर नीट दाद देत नाही. वय वाढलेली, जाड, घरातच बसून राहणारी मांजरं, त्यातही नसबंदी झालेले बोके, यांना धोका जास्त असतो. खाज किंवा सूज यासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळेही शुगर वाढू शकते.

सुरुवातीची लक्षणं माणसासारखीच: खूप पाणी पिणं, खूप लघवी, भूक असूनही वजन घटणं. काही मांजरं मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवून चालायला लागतात. नसांवर परिणाम झाल्याची ती खूण आहे.

फक्त एकदा रक्त तपासून निदान करता येत नाही. मांजराची शुगर एरवी साधारण ८० ते १५० च्या दरम्यान असते. पण दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची शुगर मधुमेह नसतानाही बरीच वर जाते. म्हणून लघवीतली साखरही पाहतात आणि शक्य असेल तिथे फ्रुक्टोसामीन ही चाचणी करतात. तिच्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या सरासरी शुगरचा अंदाज येतो.

निदान लवकर झालं, इन्सुलिन आणि खाणं दोन्ही नीट जमलं, तर काही मांजरांना काही महिन्यांनी इन्सुलिन लागेनासं होतं. म्हणजे हा आजार झाला की सगळं संपलं, असं अजिबात नाही.

भूक मंदावली तर इतकी घाई का?

कारण एकाच वेळी तीन धोके उभे राहतात.

पहिला, शुगर खूप खाली जाणं. खाणं नसताना पूर्ण इन्सुलिन गेलं तर काही तासांत शुगर ६० च्या खाली येऊ शकते. मांजर लटपटतं, थरथरतं, सुस्त होतं, कोपऱ्यात लपतं. पुढे झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो.

दुसरा, कीटोॲसिडोसिस. इन्सुलिन बराच काळ कमी पडलं तर शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल साठतं. उलट्या, अंगातलं पाणी कमी होणं, जोरात श्वास, तोंडाला गोडसर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास ही त्याची लक्षणं. घरी यावर इलाज नाही, सलाइन आणि दाखल करणंच लागतं.

तिसरा धोका खास मांजरांचा. मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात येऊन साठते आणि यकृत काम करेनासं होतं. जाड मांजरात हे लवकर होतं. हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग किंवा कानाची आतली बाजू पिवळी दिसली तर ही कावीळ समजावी. कुत्रा दोन दिवस उपाशी राहिला तर सहसा निभावतो, मांजराचं तसं नाही.

इंजेक्शनची वेळ झाली आणि मांजर खात नाही, तेव्हा

नेहमीचं खाणं खाल्लं आणि मांजर हुशार असेल, तर नेहमीचा डोस. निम्मंच खाल्लं असेल, तर डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेलं असावं. काहीच खाल्लं नसेल किंवा उलटी केली असेल, तर डॉक्टरांशी बोलेपर्यंत थांबावं. घरी शुगर मोजता येत असेल तर आकडा सांगावा, निर्णय सोपा होतो.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांच्या लक्षात असावी. एखादा डोस चुकल्यानं सहसा जीव जात नाही, जास्त डोसनं जाऊ शकतो. मात्र म्हणून दोन-तीन दिवस इन्सुलिन बंद ठेवणं हा मार्ग नव्हे, त्यातून दुसरा धोका ओढवतो. डोस दिला की नाही हे आठवत नसेल, तर पुन्हा देऊ नये.

मांजर लटपटत असेल पण गिळू शकत असेल, तर लगेच खायला द्यावं. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोज पावडरचं घट्ट पाणी बोटानं हिरड्यांवर चोळावं. झटके येत असताना तोंडात काही ओतू नये, ते फुप्फुसात जातं, आणि मांजर चावूही शकतं. बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण इन्सुलिनचा परिणाम टिकून असतो आणि शुगर पुन्हा उतरू शकते.

मेडिकलमधून सिरिंज घेताना

मांजरांसाठी अनेकदा माणसांचंच ग्लार्जिन इन्सुलिन वापरतात. त्याच्या एका मिलीमध्ये १०० युनिट असतात. पण भारतातल्या मेडिकलमध्ये ४० युनिटवाल्या इन्सुलिनच्या बाटल्याही सर्रास मिळतात आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी.

१०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये 'एक युनिट'च्या खुणेपर्यंत भरलं, तर प्रत्यक्षात अडीच युनिट अंगात जातात. माणसाला एवढा फरक कदाचित झेपेल. ज्या मांजराचा डोसच एक युनिट आहे, त्याच्यासाठी तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून मेडिकलमध्ये 'इन्सुलिनची सिरिंज द्या' एवढंच न म्हणता बाटलीवरचा आकडा दाखवून सिरिंज मागावी.

भूक गेली कशामुळे?

इन्सुलिन सुरू असताना मांजर खात नसेल, तर बहुतेक वेळा मधुमेहाच्या जोडीला दुसरं काहीतरी असतं. म्हाताऱ्या मांजरात दात किडणं आणि हिरड्या सुजणं सर्वांत आधी तपासावं. मांजर ताटलीपाशी येतं, वास घेतं, एखादा घास उचलतं आणि टाकून देतं, तर तोंड दुखत असण्याची शक्यता मोठी.

त्यानंतर मूत्रपिंडाचा आजार, स्वादुपिंडाची सूज, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, मळमळ, गाठ. सर्दीनं नाक चोंदलं तरी मांजर खात नाही, कारण मांजराची भूक वासावर चालते. सांधे दुखत असतील तर ते उंचावर ठेवलेल्या भांड्यापर्यंत जातच नाही. म्हणून डॉक्टरांकडे 'खात नाही' एवढंच न सांगता, खायला येतं का, चावताना तोंड वाकडं करतं का, ओठ चाटतं का, शी शेवटची कधी केली, हे सांगावं. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून नेला तर अधिक चांगलं.

खायला काय द्यावं?

आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-भात, दूध-चपाती हे ठरलेलं. मांजर मुळात मांसाहारी प्राणी आहे. मधुमेही मांजराला पीठ आणि भात जितका कमी तितकं बरं, प्रथिनं जास्त हवीत. दुधात साखर असते आणि अनेक मोठ्या मांजरांना ते पचतही नाही. एरवी पाकिटातलं किंवा डब्यातलं ओलं खाणं कोरड्या दाण्यांपेक्षा सहसा बरं पडतं, कारण त्यात पिष्ट कमी आणि पाणी जास्त असतं.

पण भूकच मेली असेल तेव्हा नियम बदलतो. अशा वेळी आदर्श खाण्याचा हट्ट धरण्यापेक्षा मांजर जे खाईल ते पोटात जाणं महत्त्वाचं. हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, काटे काढलेला उकडलेला मासा, थोडं अंडं, नेहमीच्या दाण्यांवर चिकनचं अळणी पाणी, असं करून बघता येतं. खाणं कोमट करावं, म्हणजे वास सुटतो. एकदम भरपूर न वाढता दिवसातून पाच-सहा वेळा चमचा-चमचा द्यावं. ताटली पसरट असावी, शांत जागी ठेवावी, लिटरच्या ट्रेपासून लांब. उरलेलं तासाभरात उचलावं.

घरातल्या रश्शातले तुकडे धुऊन देऊ नयेत. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात आणि मसाल्यात ते दोन्ही असतातच. सुके बोंबील आणि सुकट खारट असतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर नकोत. आणि नुसतं चिकन महिनोन्‌महिने पुरेसं नाही, त्यात कॅल्शियमसारखे काही घटक कमी पडतात.

सिरिंजनं घशात खाणं कोंबणं टाळावं. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि मांजर त्या खाण्याचा कायमचा धसका घेतं. दोन-तीन दिवस भागत नसेल तर डॉक्टर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण तिच्यातून घरी आठवडेच्या आठवडे खाणं आणि औषध देता येतं आणि मांजर आपण होऊनही खाऊ शकतं.

औषधं: कोणती मदतीची, कोणती धोक्याची?

मळमळ थांबवण्यासाठी मॅरोपिटंट आणि भूक वाढवण्यासाठी मिर्टाझापिन ही औषधं डॉक्टर वापरतात. मिर्टाझापिनचं कानाला लावायचं मलम अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. तेच औषध माणसांच्या गोळीत असलं तरी मांजराचा डोस अगदी वेगळा असतो, त्यामुळे घरच्या घरी तुकडे करू नयेत.

भूक लागावी म्हणून काही वेळा स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं. मधुमेही मांजरात त्यानं शुगर भडकते. नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य 'मांजराला मधुमेह आहे' हेच असावं.

अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन ही तोंडातून द्यायची औषधं मांजरांसाठी मंजूर झाली. त्यामुळे 'आता इंजेक्शन नको' अशा पोस्ट फिरतात. पण ही औषधं निवडक मांजरांसाठी आहेत. खाणं सोडलेल्या मांजराला ती देत नाहीत, कारण शुगरचा आकडा ठीक दिसत असतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. घरातल्या माणसाच्या मधुमेहाच्या गोळ्या मांजराला कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉल तर एक गोळीही मांजराचा जीव घेते.

सातारा-सांगलीत कुठे जायचं?

तालुक्यातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्यानं गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी चालतात. १९६२ या क्रमांकावरची फिरती पथकंही मुख्यतः पशुधनासाठी आहेत. तरीही तातडीच्या वेळी सलाइन, ग्लुकोज यांसाठी जवळच्या सरकारी डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांत पाळीव प्राण्यांचे खासगी दवाखाने आहेत. तिथे मांजराची शुगर, रक्त तपासणी आणि दाखल करून घेण्याची सोय आहे का, हे आजारपण नसतानाच फोन करून विचारून ठेवावं.

मोठा आधार शिरवळचा. खंडाळा तालुक्यातल्या शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेलं आहे आणि तिथे शिकवण्यासाठीचा पशुचिकित्सालय विभाग चालतो. साताऱ्याहून पुणे महामार्गानं तासाभराचं अंतर, सांगलीहून मात्र दीडशे किलोमीटरहून जास्त. खात नसलेलं मांजर घेऊन एवढा प्रवास करण्याआधी जवळच्या डॉक्टरांकडून सलाइन आणि चिठ्ठी घ्यावी, आणि वाटेसाठी मध जवळ ठेवावा.

सांगलीकरांसाठी आणखी एक तयारी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या कृष्णेच्या पुरात अनेकांना घाईघाईनं घर सोडावं लागलं. पावसाळ्यात इन्सुलिन, सिरिंज, दोन आठवड्यांचं खाणं, बर्फाची पिशवी ठेवलेला डबा आणि डोसची चिठ्ठी एका पिशवीत काढता येईल अशी ठेवावी. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, पण ते गोठता कामा नये. म्हणून बाटली थेट बर्फाला चिकटवू नये.

घरची वही

एका वहीत रोज पाच गोष्टी लिहाव्यात: किती खाल्लं, किती पाणी प्यायलं, लघवी कमी की जास्त, डोस किती वाजता दिला आणि कोणी दिला. सासूबाई सकाळी दूध घालतात आणि सून इंजेक्शन देते, असं असेल तर वही दोघींनी वाचावी. आठवड्यातून एकदा वजन करावं. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन घटणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं सहा किलो घटणं.

शुगर घरीही मोजता येते. कानाच्या कडेला बारीक सुई टोचून थेंबभर रक्त पुरतं. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची शुगर अनेकदा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणून दवाखान्यातल्या आकड्याशी एकदा ताडून पाहावं.

काही वेळा सगळं करूनही मांजर खात नाही. मूत्रपिंडं थकलेली असतात किंवा गाठ निघते. अशा वेळी किती दिवस चांगले जातात आणि किती वाईट, हे वहीच सांगते. वाईट दिवस जास्त व्हायला लागले, तर वेदना न देता निरोप देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं ही हार नाही, तोही सांभाळण्याचाच भाग आहे. पण तो विचार तपासणीनंतरचा. किडका दात काढल्यावर किंवा मळमळ थांबल्यावर पुन्हा ताटली चाटूनपुसून साफ करणारी म्हातारी मांजरंही असतात. दवाखान्यात वेळेत नेलं, तरच हे कळतं.