ऑनलाइन राजकीय जाहिरातींचे नियम : पत्रकापासून फोनच्या पडद्यापर्यंत

निवडणुकीच्या दिवसांत फोनवर पक्षाची जाहिरात दिसते. तिला नेमका कुठला नियम लागू होतो? आपल्याला पटकन आयटी कायदा आठवतो. पण कागदपत्रं चाळली की वंशावळ वेगळीच निघते. इंटरनेटवरच्या राजकीय जाहिरातींसाठी संसदेने वेगळा कायदा केलेला नाही. छपाई आणि टीव्हीसाठीचे नियमच ताणत ताणत इथवर आणलेत.

सुरुवात छापखान्यापासून करू. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये १९६१ साली कलम १२७-अ आलं. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते हवेत. प्रकाशकाने ओळखीच्या दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र मुद्रकाला द्यायचं आणि मुद्रकाने ते पत्रकाच्या प्रतीसह अधिकाऱ्याकडे पाठवायचं. म्हणजे बघा, मजकूर आधी कोणी तपासत नव्हतं. बोलणारा कोण, हे कळणं महत्त्वाचं होतं.

टीव्हीने हे तर्कशास्त्र बदललं. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत राजकीय जाहिरातींना बंदीच होती. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने मार्च २००४ मध्ये तो नियम रद्द ठरवला. लोकसभा निवडणूक तोंडावर आलेली! १३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि १५ एप्रिलला निवडणूक आयोगाने पूर्वप्रमाणनाची पद्धत घालून दिली : जाहिरात आधी समितीला दाखवा, प्रमाणपत्र घ्या, मग प्रसारण. घाईत काढलेली ही वाट पुढे कायमची झाली.

२५ ऑक्टोबर २०१३ रोजी आयोगाने हीच चौकट इंटरनेटला लावली. उमेदवाराने आपली सोशल मीडिया खाती शपथपत्रात नोंदवायची. जाहिरातींना पूर्वप्रमाणन घ्यायचं. वेबसाइट कंपन्यांना दिलेले पैसे तर खर्चात धरायचेच, पण मजकूर तयार करण्याचा आणि खाती सांभाळणाऱ्या टीमच्या पगाराचा खर्चही दाखवायचा. मात्र पक्षाने किंवा उमेदवाराने स्वतःच्या खात्यावर टाकलेली साधी पोस्ट जाहिरात मानायची नाही, असंही स्पष्ट केलं. खरी गोम इथेच आहे. समर्थकांनी चालवलेलं पेज, ज्याचा उमेदवाराशी संबंध कागदावर दिसत नाही, त्याचा खर्च कोणाच्या खात्यात धरायचा?

दुसरी अडचण शेवटच्या ४८ तासांची. कलम १२६ त्या काळात चित्रपट, टीव्ही 'किंवा तत्सम साधनां'वर निवडणूकविषयक मजकूर दाखवायला मनाई करतं. फोन हे तत्सम साधन आहे का? २०१९ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयात याच मुद्द्यावर जनहित याचिका होती. त्याच वर्षी २० मार्चला कंपन्यांच्या संघटनेने ऐच्छिक आचारसंहिता दिली : कलम १२६ च्या उल्लंघनाबाबत आयोगाने कळवलं की तीन तासांत कारवाई. कायद्यातला प्रश्न असा समजुतीने सोडवला गेला. पण समजूत मोडली तर दंड काय? ऐच्छिक संहितेत त्याचं उत्तर शोधू नका.

आता संशोधनाकडे वळू. २०१९ पासून गूगल आणि फेसबुकच्या जाहिरात-संग्रहांत भारतातल्या राजकीय जाहिराती शोधता येतात. साधन मोलाचं आहे, पण ते कंपनीचं दफ्तर आहे, सरकारी गॅझेट नव्हे. तीन गोष्टी तपासा. एक, 'राजकीय' कशाला म्हणायचं हे कंपनी ठरवते, त्यामुळे न नोंदलेली जाहिरात सुटू शकते. दोन, फेसबुकवर एकेका जाहिरातीचा खर्च नेमक्या आकड्यात नाही, टप्प्यांत मिळतो. बेरीज करताना किमान आणि कमाल दोन्ही द्या. तीन, 'पैसे कोणी दिले' या रकान्यातलं नाव उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबाशी ताडून बघा. जुळलं नाही, तर लगेच 'घोटाळा' लिहू नका. पक्षाचा खर्च आणि उमेदवाराचा खर्च कायद्याने वेगळे आहेत. मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही.

आराखडा लिहिताना 'सोशल मीडिया आणि लोकशाही' एवढा पसरट विषय घेऊ नका. एक मतदारसंघ, एक निवडणूक घ्या आणि विचारा : १९६१ मध्ये छापील पत्रकावर सक्तीचं असलेलं नाव आजच्या जाहिरातीवर मतदाराला दिसतं का? एवढ्या एका प्रश्नावर प्रबंध उभा राहू शकतो.