ब्रेकची हवा काढण्याचा इतिहास

हायड्रॉलिक ब्रेकची सारी रचना द्रवाच्या एका गुणावर उभी आहे. बंद नळीत कोंडलेला द्रव दाबला तरी जवळजवळ आकुंचन पावत नाही, आणि त्याच्यावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने मांडला. मोटारीत चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडर या मुख्य नळकांड्यातील दट्ट्या तेल पुढे रेटतो आणि ते तेल बारीक नळ्यांतून चाकांपर्यंत जाऊन तेथील दट्टे हलवते. मात्र त्या नळीत हवेचा लहानसा बुडबुडा राहिला, तर पायाचा जोर तो बुडबुडा आवळण्यातच खर्ची पडतो, पेडल मऊ लागते आणि गाडी थांबावी तेथे थांबत नाही. त्यामुळे हायड्रॉलिक ब्रेकबरोबरच ही हवा बाहेर काढण्याचे कामही जन्माला आले; कारखान्यांच्या पुस्तिकांत त्याला ब्लीडिंग म्हणतात आणि मराठी मुलखातल्या गॅरेजांत ब्रेकची हवा काढणे.

या ब्रेकचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतील मॅल्कम लॉकहीड यांच्याकडे जाते. त्यांनी १९१७ साली आपल्या रचनेचे पेटंट मिळवले, आणि १९२१ मध्ये ल मान येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी याने चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या ड्यूसेनबर्ग गाडीतून जिंकली, तेव्हा युरोपच्या डोळ्यांसमोर या रचनेची ताकद सिद्ध झाली. सुरुवातीच्या सिलिंडरांतील चामड्याच्या वाट्यांमधून तेल झिरपत असे. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत त्यांच्या जागी रबरी वाट्या आल्या आणि ही रचना सर्वसामान्य गाड्यांत वापरण्याजोगी झाली.

तरीही स्पोर्ट्स कारच्या जगाने तिचा स्वीकार सावकाशीने केला, आणि या सावकाशीला कारणे होती. तारेवर किंवा सळईवर चालणारा ब्रेक ढिला पडला तर रस्त्याच्या कडेला पान्याने आवळता येई, तर तेलाची एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जात. एत्तोरे बुगाती यांच्या टाइप ५७ गाडीला हायड्रॉलिक ब्रेक मिळायला १९३८ साल उजाडले, आणि एमजीच्या मिजेट मालिकेत ते १९३६ च्या टीए या गाडीपासून आले. मोटारवेड्यांच्या आठवणीत राहिलेल्या बहुतेक ब्रिटिश स्पोर्ट्स कार यानंतरच्या तीन दशकांतल्या असल्याने हवा काढण्याच्या कलेचा मोठा भाग याच गाड्यांभोवती घडला.

जुनी पद्धत दोन माणसांची होती. प्रत्येक चाकाजवळच्या सिलिंडरावर ब्लीड निप्पल, म्हणजे आतून पोकळ असा एक लहान स्क्रू, बसवलेला असतो. त्याला रबरी नळी जोडून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवून ठेवायचे, म्हणजे त्या वाटेने हवा परत शिरत नाही. एकाने आत बसून पेडल सावकाश दाबायचे, गाडीखाली आडव्या झालेल्या दुसऱ्याने त्याच वेळी निप्पल पाव वळसा सैल करायचे, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडताना पाहायचे, आणि पेडल तळाला टेकलेले असतानाच, ते वर सुटण्याआधी, निप्पल पुन्हा आवळायचे. ही वेळ चुकली की निप्पलच्या आट्यांतून हवा उलट आत ओढली जाई. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांब नळी असलेल्या चाकापासून आरंभ करून जवळच्या चाकावर शेवट करायचा, असा प्रघात होता. एमजीच्या टी मालिकेत मास्टर सिलिंडर चालकाच्या पायांखाली चॅसीला जोडलेला असल्याने तेलाची पातळी पाहण्यासाठी पायाखालची जागा उघडावी लागे, आणि टाकी लहान असल्याने ती मध्येच रिकामी होऊन सगळे काम पहिल्यापासून करण्याची पाळी सहज येई.

डिस्क ब्रेक आल्यावर ब्रेकची ताकद वाढली, पण हवा काढणे आणखी किचकट झाले. डनलॉप कंपनीचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपमधून स्टर्लिंग मॉस यांनी १९५२ मध्ये रँस येथील शर्यत जिंकली, आणि पुढच्याच वर्षी टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी तशाच गाडीतून ल मानची चोवीस तासांची शर्यत जिंकली. डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या कॅलिपरमध्ये दोन स्वतंत्र सिलिंडर असून ते बाहेरून वळवलेल्या एका बारीक नळीने जोडलेले असत. हवा नेहमी वर चढते, म्हणून निप्पल कॅलिपरच्या माथ्यावर असणे अत्यावश्यक असते. डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झाली तर निप्पल तळाशी जाते आणि कितीही तेल ओतले तरी माथ्याशी अडकलेली हवा निघत नाही. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये मागचे ब्रेक चाकांपाशी न ठेवता डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांकडे शक्ती वाटून देणाऱ्या दंतचक्रपेटीला, चिकटून बसवले होते. चाकांवरचे वजन घटून गाडीची पकड सुधारली हे खरे, पण तेथील निप्पलपर्यंत पाना पोहोचवणे हे गाडीखाली पडून अंदाजाने करायचे काम झाले. रचनाकारांनी चालकाचा जितका विचार केला तितका दुरुस्ती करणाऱ्याचा केला नाही, असे या गाडीविषयी म्हणावे लागते.

हवा काढणे सोपे करण्याचे बहुतेक प्रयत्न त्या दुसऱ्या माणसाची गरज संपवण्यासाठी झाले. एका पद्धतीत मास्टर सिलिंडरच्या टाकीवरच हवेचा दाब देऊन ताजे तेल सतत खाली ढकलले जाते. यासाठीची व्यावसायिक गॅरेजांतील यंत्रे महाग असल्याने ती घरच्या हौशी मालकापर्यंत पोहोचली नाहीत. ही उणीव ब्रिटनमध्ये गनसन कंपनीच्या ईझीब्लीड या स्वस्त साधनाने भरून काढली. त्यात दाब गाडीच्याच स्टेपनीतून घेतला जातो, मात्र त्याआधी स्टेपनीतली हवा चौरस इंचाला २० पौंडांच्या खाली आणावी लागते, कारण जास्त दाबाने टाकीच्या झाकणातून तेल उडू शकते आणि ब्रेक ऑइल रंगावर पडले की रंग सोलून काढते. दुसऱ्या पद्धतीत हातपंपाने निप्पलकडून तेल ओढून घेतात. पण सैल झालेल्या आट्यांतूनही हवा ओढली जात असल्याने नळीत बुडबुडे दिसतच राहतात आणि काम पुरे झाले की नाही हे कळेनासे होते. निप्पलमध्येच लहान एकमार्गी झडप बसवण्याची तिसरी युक्ती पेडलच्या प्रत्येक दाबानंतर निप्पल आवळण्याचा त्रास वाचवते.

साधनांप्रमाणे तेलही बदलून पाहिले गेले. पाणी न शोषणारे आणि रंगाला इजा न करणारे सिलिकॉन तेल जुन्या गाड्यांच्या मालकांना आकर्षक वाटले. नेहमीचे ग्लायकॉलयुक्त तेल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उकळबिंदू उतरतो (अमेरिकी मानकानुसार डॉट ४ तेलासाठी किमान मर्यादा कोरड्या अवस्थेत २३० आणि ओलसर अवस्थेत १५५ अंश सेल्सिअस आहे) आणि सिलिंडर आतून गंजतात. सिलिकॉन तेलात हा दोष नाही, परंतु त्यात सूक्ष्म बुडबुडे अडकून राहतात, म्हणून ते भराभर ओतले तर पेडल मऊच राहते.

हवा काढण्याच्या या सर्व साधनांत टाकीवर दाब देण्याची पद्धत जुन्या गाडीला सर्वांत मानवते, आणि त्याचे कारण केवळ एकट्याने काम उरकते एवढेच नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा दट्ट्या नळकांड्याच्या पहिल्या भागातच फिरतो आणि पुढचा भाग वर्षानुवर्षे न घासलेला, गंजाचे बारीक खड्डे पडलेला राहतो. हवा काढताना पेडल पार तळापर्यंत दाबले की रबरी वाटीची नाजूक कड त्या खड्ड्यांवरून ओढली जाऊन फाटते, आणि हवा काढण्यापूर्वी धड असलेला सिलिंडर त्यानंतर गळू लागतो. म्हणून दोन माणसांच्या जुन्याच पद्धतीने काम करायचे असेल, तेव्हा जाणते कारागीर पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवून दट्ट्याची धाव आखडतात.