चार भिंतींतील गुपित आणि मराठी बोलपट



घर म्हटलं की दार आलं, आणि दार आलं की आतलं व बाहेरचं असा भेद आला. घरातली गोष्ट घरात राहू द्यावी, असं आपली वडीलधारी माणसं सांगत आली. ही शिकवण बरी की वाईट, याचा निकाल आज लावायचा नाही. आज एवढंच पाहायचं की दाराआडच्या या गोष्टी मराठी बोलपटाने पडद्यावर कशा आणल्या, आणि त्या गुपितांची किंमत घरातल्या कोणी मोजली.

मनमाडहून रेल्वेने औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, निघाले की रोटेगाव मागे पडल्यावर लासूर स्टेशन लागते. अशा बाजाराच्या गावी गुपित फार दिवस टिकत नाही. सकाळी एका ओसरीवर झालेले बोलणे संध्याकाळी पारावर येते. पण येथूनच गाडीत बसून पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेला माणूस तेथे दोन खोल्यांत राहतो, आणि त्याचे दार बहुतेक वेळ लावलेले असते. म्हणून शहरी घराचे चित्र आपल्याला परके नाही. ते आपल्याच लेकीबाळींचे घर आहे.

या विषयाची सुरुवात रंगभूमीवर झाली. १९३३ साली मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते लिहिले होते. लग्नापूर्वीच्या शुद्ध वागणुकीचा नियम मुलीला लागू असेल, तर तो मुलाला का नाही, असा त्यातला रोकडा सवाल. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथा सोडून नाटक आता बैठकीच्या खोलीत येऊन बसले होते.

चार वर्षांनी, १९३७ साली, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'कुंकू' काढला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला. हिंदीत त्याचे नाव 'दुनिया न माने'. अनाथ नीराचे लग्न तिला फसवून एका वयस्क बिजवराशी लावून दिले जाते. नवऱ्यामुलाचे वय हेच येथले गुपित. ते मोठ्यांनी लपवले आणि भोगायचे मात्र पोरीने. शांता आपटे यांनी रंगवलेली नीरा पळून जात नाही, रडत बसत नाही. ती त्याच घरात राहते आणि हे लग्न मला मान्य नाही, असे रोज वागून दाखवते. त्या काळी पुण्यात तिला घटस्फोटाची वाट नव्हती. देशभरातल्या हिंदू स्त्रीसाठी ती कायद्याने खुली झाली १९५५ साली. बोलपट कायद्याच्या अठरा वर्षे पुढे होता, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

१९६३ सालच्या 'मोलकरीण' चित्रपटात गुपिताची जात बदलली. सुलोचनाबाईंनी त्यात केलेली आई आपल्याच मुलाच्या शहरातल्या घरी, ओळख लपवून, भांडी घासते. खेड्यातून मुलगा शहरात गेला आणि त्याच्या नव्या जगात आईला जागा उरली नाही, हे दुःख त्या काळी घरोघरी ओळखीचे होते. येथे लपवणारीही आईच आणि सोसणारीही आईच. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडला. पण आईने मुकाट राहावे का, हा प्रश्न त्याने फारसा विचारला नाही.

तो प्रश्न पुढे विचारला गेला. १९८२ साली जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर तो आधारलेला होता आणि पटकथा विजय तेंडुलकरांची होती. स्मिता पाटील यांची सुलभा महिला सुधारगृहाचे काम करून घरी परतते, तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आल्याचे तिला कळते. येथे नवरा चुकला आहे, आणि घराचा उंबरठा ओलांडावा लागतो तो बायकोला.

आता येऊ २००० सालच्या 'अस्तित्व' या चित्रपटाकडे. महेश मांजरेकर यांनी तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केला. पुण्यातले पंडितांचे सुखवस्तू घर. तब्बू यांनी केलेली अदिती आणि सचिन खेडेकर यांनी केलेला श्रीकांत. एके दिवशी कागद येतो, की अदितीच्या जुन्या संगीतशिक्षकाने मृत्युपत्रात आपली मालमत्ता तिच्या नावे केली आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी नवरा कामासाठी सतत फिरतीवर असताना घडलेली गोष्ट त्या कागदाने वर येते. आपला मुलगा अनिकेत हा आपला नाही, हे श्रीकांतला उमजते. अदितीने त्या वेळी सांगायचा प्रयत्न केला होता. पण मूल होणार या आनंदात नवऱ्याने ऐकून घेतले नाही. पुढे फिरतीवरच्या स्वतःच्या वागण्याचा हिशेब मात्र त्याने कधी कोणाला दिलेला नसतो.

त्या वेळचा कायदाही पाहावा. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४९७ प्रमाणे परस्त्रीगमनाचा गुन्हा ठरे तो परपुरुषाचा, आणि तक्रारीचा हक्क असे त्या स्त्रीच्या नवऱ्याला. नवऱ्याने असे केले तर बायकोला फिर्याद करता येत नसे. बायको म्हणजे जणू नवऱ्याच्या मालकीची वस्तू. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २०१८ साली रद्द केले. 'अस्तित्व' पडद्यावर आला तेव्हा ते जिवंत होते. श्रीकांतचा राग आणि कायद्याची भाषा एकाच मुशीतून निघाल्या होत्या.

पण एक बाजू राहते. अनिकेतचे काय? आपला बाप कोण, हे जाणण्याचा त्याला हक्क नव्हता का? १८७२ च्या पुरावा कायद्याने, लग्न टिकून असताना जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच धरावे असे सांगितले, आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही तो नियम राहिला. हेतू असा की मोठ्यांच्या चुकीचा डाग लेकरावर पडू नये. कायद्याने नाते सांभाळले, पण विश्वास सांभाळणे कायद्याच्या हाती नसते. अनिकेत आईला परका होतो. त्याची वाग्दत्त वधू रेवती मात्र अदितीची बाजू घेते. आईने मौन धरले ते घर राखण्यासाठी. तरी ते मौन मुलाच्याही वाट्याला आले, हे नाकारता येत नाही.

शिक्षकमित्रांनी वरच्या वर्गांत या चित्रपटांविषयी बोलावे आणि मुलांना दोनच प्रश्न विचारावेत : लपवले कोणी, आणि भोगले कोणी? नीरा, मोलकरीण आई, सुलभा, अदिती. चार कथांत लपवणारे निरनिराळे आहेत, भोगणारी मात्र दर वेळी बाईच आहे. यात मराठी बोलपटाने त्रेसष्ट वर्षांत एक पाऊल टाकले. 'कुंकू'मध्ये घराने मुलीपासून सत्य लपवले होते. 'अस्तित्व'मध्ये बाई ते स्वतःच्या तोंडाने सांगू पाहते, आणि ऐकून घ्यायला कोणी तयार नसते. बहुतेक गुपिते जन्मतात ती ऐकणारे माणूस न मिळाल्यामुळे. घरातल्या बाईने काही सांगायला तोंड उघडले, तर आपण हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. दार लोटून घेतले तरी चालेल. कान मात्र उघडे असावेत.